आधीच्या मेकॅनिकचा हात

झाकणाचे स्क्रू निघाले की मी आधी सर्किट बघत नाही, सोल्डर बघतो. कारखान्यात लागलेलं सोल्डर पन्नासेक वर्षांत मंद राखाडी पडतं आणि त्याच्या कडेला फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून वापरतात त्या राळेचा, मधाच्या रंगाचा पातळ थर धरलेला असतो. नंतर कुणी हात घातला असेल तर ते लपत नाही. एखादा जोड नको इतका चकाकतो, एखादा थेंबासारखा फुगलेला असतो, एखाद्याच्या भोवती बोर्ड भाजून काळवंडलेला असतो. मग रेझिस्टरांकडे नजर जाते. चॉकलेटी अंगाच्या जुन्या कार्बन रेझिस्टरांच्या रांगेत मध्येच एक निळा मेटल फिल्म बसलेला दिसला, की इथे कुणीतरी येऊन गेलंय हे नक्की.

गेले काही आठवडे टेबलावर असलेल्या यंत्रात असे निदान दोन पाहुणे येऊन गेलेत, आणि त्यांचं एकमेकांशी अजिबात पटलं नसतं.

यंत्र आहे यूआरईआय कंपनीचं ११७६एलएन, स्टुडिओतला कॉम्प्रेसर. (घरी आलेल्या मराठी मंडळींना ‘मी जुने कॉम्प्रेसर दुरुस्त करतो’ असं सांगितलं की ती गॅरेजमध्ये फ्रीज शोधायला लागतात. आता मी नुसतं ‘रेकॉर्डिंगची यंत्रं’ म्हणतो.) गाणारा माणूस एका ओळीत कुजबुजतो आणि पुढच्या ओळीत छप्पर उडवतो. पूर्वी रेकॉर्डिस्ट फेडरवर बोट ठेवून, गाण्याचे शब्द पाठ करून, मोठा आवाज यायच्या आधीच पातळी खाली ओढायचा. कॉम्प्रेसर तेच करतो, पण बोटाला कधी जमणार नाही इतक्या चपळाईने. ११७६चा सगळ्यात वेगवान अटॅक, म्हणजे आवाज वाढल्यावर तो दाबायला लागणारा वेळ, २० मायक्रोसेकंदांचा आहे. आज ४८ किलोहर्ट्झवर डिजिटल रेकॉर्डिंग करताना लागोपाठच्या दोन सॅम्पलमध्ये, म्हणजे आवाजाच्या दोन मोजमापांमध्ये, साधारण तेवढंच अंतर असतं, २०.८ मायक्रोसेकंदांचं. १९६०च्या दशकातल्या ट्रान्झिस्टरच्या यंत्राचा हा वेग आहे, आणि अजूनही तो आकडा उच्चारताना मला बरं वाटतं.

हे यंत्र बिल पुटनम यांचं. शिकागोत स्टुडिओ चालवून नाव कमावलेला हा माणूस पुढे हॉलिवूडला आला. गाणीही रेकॉर्ड करायची आणि त्यासाठी लागणारी यंत्रंही आपणच बनवायची, असा त्यांचा खाक्या. त्यांचे आधीचे १७५ आणि १७६ हे लिमिटर व्हॉल्व्हवर चालायचे. १९६७च्या सुमारास त्यांनी व्हॉल्व्हच्या जागी एफईटी नावाचा तेव्हा नवा असलेला ट्रान्झिस्टर घातला आणि आकड्याच्या आधी आणखी एक ‘१’ लावला. कंपनीचा पत्ता आधी नॉर्थ हॉलिवूड होता, नंतर सन व्हॅली. मी बरबँकमध्ये राहतो. दोन्ही ठिकाणं माझ्या गॅरेजपासून इतकी जवळ, की यंत्र जग फिरून गावच्या वेशीवर परत आलंय असं म्हणायला हरकत नाही.

एफईटी यात काय करतो, एवढं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सिग्नल आत आला की त्याला दोन वाटा असतात. एक पुढच्या ॲम्प्लिफायरकडे जाणारी आणि दुसरी एफईटीतून थेट जमिनीकडे, म्हणजे ग्राउंडला. एरवी एफईटीची वाट जवळजवळ बंद असते. आवाज वाढला की पुढे बसलेलं सर्किट एफईटीला इशारा देतं, ती वाट किलकिली होते, थोडा सिग्नल जमिनीत जिरतो आणि उरलेला पुढे जातो. आवाज उतरला की वाट परत बंद. सगळा खेळ एफईटी नेमका किती उघडतो यावर आहे, आणि दोन एफईटी कधी सारखे निघत नाहीत. एकाच कारखान्यातले, एकाच नंबरचे, एकाच पाकिटातले असले तरी नाही. म्हणून ११७६मध्ये ते मोजून, निवडून घालावे लागतात. त्यातही दोघांची जोडी जमवावी लागते, कारण एक प्रत्यक्ष आवाज दाबतो आणि दुसरा मीटरच्या सुईला किती दाबला ते सांगतो. जोडी फुटली की मीटर खोटं बोलायला लागतं.

या यंत्राची जोडी फुटलेली होती.

पण त्याआधी ‘मूळ’ म्हणजे काय ते ठरवावं लागतं, आणि तिथे पहिली अडचण येते. ११७६ नावाचं एकच यंत्र कधी नव्हतंच. कंपनीने ते सतत बदललं. ए, बी, सी असं करत एचपर्यंत आवृत्त्या झाल्या. पहिल्या यंत्रांचा दर्शनी पत्रा चंदेरी, मीटरभोवती निळा पट्टा. तीच ती बाजारात भाव खाणारी ब्लू स्ट्राइप. सी आवृत्तीपासून पत्रा काळा झाला आणि नावापुढे एलएन लागलं. एलएन म्हणजे कमी गोंगाटाचं सर्किट. ते ब्रॅड प्लंकेट यांनी काढलं. गिटारवाल्यांच्या वा-वा पेडलमागचे प्लंकेट तेच. या सर्किटमुळे एफईटी जिथवर सरळ वागतो ती मर्यादा वाढली, खरखर आणि विकृती दोन्ही कमी झालं. सी आवृत्तीत हा भाग इपॉक्सीत बुडवलेल्या ठोकळ्यात बंद होता, आत काय आहे ते कुणाला दिसू नये म्हणून. डीमध्ये तो मुख्य बोर्डावर उघड आला. एफमध्ये आउटपुटचा ॲम्प्लिफायरच बदलला, क्लास ए जाऊन पुश-पुल आला. जीमध्ये इनपुटचा ट्रान्सफॉर्मर काढून ऑप-ॲम्प, म्हणजे एका चिपमध्ये मावणारा ॲम्प्लिफायर, घातला.

म्हणजे ‘मूळ’ यंत्रात सर्वाधिक फेरफार कुणी केले असतील तर ते कंपनीनेच. तरीही त्याला कुणी मोडतोड म्हणत नाही. का म्हणत नाही? माझ्या मते त्याचं उत्तर अगदी रुक्ष आहे: कागद. प्रत्येक आवृत्तीच्या सर्किटचा नकाशा छापला गेला, कुठल्या सिरियल नंबरपासून काय बदललं ते नोंदलं गेलं. माझ्या टेबलावरच्या यंत्राचा नंबर १२३९ ते २३३१ या टप्प्यातला आहे, म्हणून ते डी. एवढं कळलं की त्यात कुठला रेझिस्टर कुठे हवा हे घरबसल्या सांगता येतं. यंत्रात बदल झाले याबद्दल माझी तक्रार नाही. बदल करणाऱ्याने कागदाचा चिटोराही मागे ठेवला नाही, याबद्दल आहे.

तर पहिला पाहुणा. त्याच्या सोल्डरवरून आणि वापरलेल्या मालावरून तो १९८०च्या दशकातला असावा असा माझा अंदाज. हात चांगला होता, घाई नव्हती. त्याने इनपुटचा ट्रान्सफॉर्मर काढला. यूटीसी कंपनीचा ओ-१२, सिगारेटच्या पाकिटापेक्षाही लहान धातूचा डबा. त्याच्या जागी भोकाभोकांच्या बोर्डावर एक ऑप-ॲम्प बसवला. वायरी नीट वळवून धाग्याने बांधलेल्या. मग त्याने वाटेतले कपॅसिटर काढून बरेच मोठे घातले, बेस आणखी खालपर्यंत सरळ जावा म्हणून. त्या काळात डिजिटल टेप नुकते आलेले होते. ॲनालॉग टेपच्या हिसमध्ये जी खरखर पूर्वी बुडून जायची, ती आता उघडी पडायला लागली होती. स्वच्छ आवाज ही त्या माणसाची गरज होती आणि तिच्यासाठी त्याने मनापासून काम केलं. गंमत म्हणजे त्याने जे हाताने केलं, ते कंपनीने जी आवृत्तीत स्वतःच केलं होतं. म्हणजे त्याला मूर्ख म्हणायची सोय नाही. म्हटलं तर बिल पुटनमच्या कंपनीलाही म्हणावं लागेल.

दुसरा पाहुणा पुष्कळ नंतरचा. याचं सोल्डर गोळ्या-गोळ्यांचं, दोन ठिकाणी तांब्याचा ट्रॅक बोर्डावरून उचकटून आलेला. याला नेमकं उलटं हवं होतं. तोवर निळ्या पट्ट्याच्या यंत्रांची ख्याती झाली होती: त्यांचा आवाज खडबडीत, दात असलेला, ड्रमवर लावला की अंगावर येणारा. ब्लू स्ट्राइप विकत घेणं परवडत नाही, मग आहे त्या काळ्याला निळा करू या, हा त्याचा विचार. त्याने एलएन सर्किटकडे जाणारा एक रेझिस्टर एका पायाने उचलून हवेत सोडला. आवाजाच्या वाटेवरचा एफईटी बदलला. मीटरचा मात्र होता तसाच ठेवला, त्यामुळे सुई दाखवायची थोडं आणि यंत्र प्रत्यक्षात दाबायचं बरंच. शिवाय पुढच्या काळ्या पत्र्याला भोक पाडून तिथे एक टॉगल स्विच बसवला. स्विचवर अक्षर नाही, खूण नाही, वर म्हणजे काय आणि खाली म्हणजे काय, काही नाही.

एकाने कष्टाने खरखर काढली, दुसऱ्याने कष्टाने ती परत आणली. पहिल्याने ट्रान्सफॉर्मर काढून टाकल्याचं दुसऱ्याला कळलं होतं की नाही, कोण जाणे. कळलं असतं तर निळ्या पट्ट्याचा आवाज हवा असणाऱ्याने पहिल्यांदा तो ट्रान्सफॉर्मर परत बसवला असता, कारण त्या आवाजाचा एक मोठा भाग तिथेच तयार होतो. मोठा सिग्नल, त्यातही बेस, त्या लहानशा लोखंडी गाभ्यातून गेला की गाभा किंचित दमतो आणि आवाजाला थोडी जाडी येते. हा गडी एलएन कापून ती जाडी शोधत बसला होता.

ऑप-ॲम्पचा नंबर वाचायला गेलो तर चिपची पाठ पॉलिश पेपरने घासलेली. हे बघून मला मामाची आठवण झाली नसती तरच नवल. पुण्यात तपकीर गल्लीत त्याची जागा होती, जेमतेम एक माणूस आणि एक स्टूल मावेल एवढी. रेडिओ, टेपरेकॉर्डर, आणि गणपतीच्या आधीचा महिनाभर मंडळांचे आणि लाउडस्पीकरवाल्यांचे ॲम्प्लिफायर. तोही नंबर घासायचा. फोनवर त्याला या यंत्राची हकीकत सांगितली आणि म्हटलं, “मामा, निदान आत एक चिठ्ठी तरी ठेवायची ना, काय बदललं ते?”

“अरे, चिठ्ठी ठेवली तर पुढचं काम शेजारच्याकडे जातं,” मामा म्हणाला. “गिऱ्हाईक काय, दोन रुपये कमी दिसले की वळलाच. नंबर घासलेला असला की फिरून आपल्याकडेच येतो.”

“आणि तू नसलास तर?”

“मी नसलो तर मला काय त्याचं!”

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. पोट त्यावर होतं. माझ्यासारख्या दिवसा पगारी नोकरी करून शनिवार-रविवारी सोल्डरिंग आयर्न हातात धरणाऱ्याने त्याला नोंदवहीचं महत्त्व शिकवणं हा आगाऊपणा झाला असता. पण लॉस एंजेलिसमधल्या कुठल्याशा स्टुडिओतल्या त्या पहिल्या पाहुण्याला, जो बहुधा पगारावर होता, कुणापासून काय लपवायचं होतं?

फेरफार केलेलं प्रत्येक यंत्र मुळावर न्यायचं असं म्हणणारे एका पंथाचे लोक असतात. त्यांच्यापुढे मी नेहमी ऑल्टेकचं उदाहरण ठेवतो. ऑल्टेक ४३६ हा अमेरिकन व्हॉल्व्ह कॉम्प्रेसर. भाषणं, घोषणा असल्या कामाचा, फारसा कुणाच्या डोळ्यात न भरणारा. १९५०च्या दशकाच्या अखेरीला ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने लंडनमधल्या ॲबे रोड स्टुडिओसाठी ४३६बी जातीची काही यंत्रं घेतली. तिथल्या इंजिनिअरांना ती जशीच्या तशी पसंत पडली नाहीत. त्यांनी आतलं सर्किट बदललं, दाब सोडायच्या वेगासाठी टप्प्याटप्प्यांचा स्विच बसवला आणि त्यात एक ‘होल्ड’ची जागाही ठेवली, म्हणजे गाणं सुरू व्हायच्या आधी यंत्राला दाबलेल्या स्थितीत थोपवून धरता येईल. आणि मग सगळ्यात महत्त्वाची गोष्ट केली: त्या यंत्राला स्वतःचा नवा नंबर दिला, आरएस१२४. पुढे बीटल्सच्या रेकॉर्डिंगमध्ये ही यंत्रं वापरली गेली.

आता समजा, उद्या एखादं आरएस१२४ माझ्या टेबलावर आलं आणि मालक म्हणाला, हे मूळ ऑल्टेकसारखं करून दे. मी त्याला चहा पाजून परत पाठवीन. तांत्रिकदृष्ट्या ते फेरफार केलेलं ऑल्टेकच आहे. पण ज्यांनी केलं त्यांनी ते एक संस्था म्हणून केलं, सगळ्या यंत्रांना एका पद्धतीने केलं, आणि नाव देऊन केलं. तिथे ‘मूळ’ आता लंडनला आहे. टेबलावरच्या ११७६ला असं काही नाव मिळालेलं नाही. त्याला मिळालं एक विनानावाचं भोक.

कधीकधी तर फेरफार झालेलाच नसतो, नुसता आळ असतो. मागे एक टेलिट्रॉनिक्सचा एलए-२ए आला होता. जिम लॉरेन्स यांनी पॅसाडेनात काढलेलं हे यंत्र ११७६च्या अगदी उलट स्वभावाचं. यात आवाज दाबायचं काम उजेड करतो. सिग्नल वाढला की एक चपटी पाटी उजळते, तिच्यासमोरच्या कॅडमियम सल्फाइडच्या सेलचा रोध उजेडाने उतरतो आणि आवाज खाली येतो. उजेड गेला तरी सेल लगेच विसरत नाही. साधारण ६० मिलिसेकंदांत तो अर्धा सावरतो, उरलेल्या अर्ध्याला काही सेकंद लागतात, आणि बराच वेळ उजेडात राहिला असेल तर आणखी जास्त. मालकाची तक्रार अशी, की कुणीतरी याचं सर्किट बिघडवलंय, गायिकेच्या ‘स’वर यंत्र उगाच दचकतं. उघडून बघितलं तर सगळं सोल्डर राखाडी, मधाचा रंग शाबूत, कुणाचा हात लागलेला नाही. फक्त आर३७ नावाचा एक ट्रिमर, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर, फिरलेला. रेडिओ केंद्रांसाठी ती सोय ठेवलेली असते, प्रक्षेपणात वरच्या पट्टीतले आवाज जास्त उसळतात म्हणून यंत्राने त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यावं यासाठी. यंत्र आधी कुठल्यातरी रेडिओ केंद्रात नोकरी करून आलं असणार. स्क्रू ड्रायव्हर घेतला, ट्रिमर जागेवर आणला, संपलं. पैसे मागायलाही लाज वाटली, पण मागितले.

११७६कडे वळतो. मूळ सर्किटवर नेणं आणि मूळ पार्ट ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. कार्बन कॉम्पोझिशनचे ते चॉकलेटी रेझिस्टर दिसायला कितीही अस्सल असले तरी वर्षानुवर्षं दमट हवा पिऊन त्यांचा रोध वाढत जातो. नकाशात १ किलोओहम लिहिलेला रेझिस्टर मीटर लावला तर १.२ दाखवतो. पार्ट कारखान्यातलाच, पण सर्किट आता पुटनमचं नाही. तसंच इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. ते आतून सुकतात, ते बदलणं म्हणजे फेरफार नव्हे, तेल बदलल्यासारखं आहे. तेव्हा माझा नियम असा: किंमत नकाशातली हवी, पार्ट गरजेपुरता नवा चालेल. जिथे जुना रेझिस्टर अजून पाच-दहा टक्क्यांच्या आत आहे तिथे त्याला मी हात लावत नाही. मात्र काही जागा अशा आहेत की तिथे पार्टही तोच लागतो, आणि इनपुटचा ट्रान्सफॉर्मर ही त्यातली पहिली. जुना ओ-१२ मिळवायला वेळ लागला. तो आला तेव्हा त्याच्या पायांना दुसऱ्या कुठल्या यंत्रातल्या वायरींचे तुकडे अजून चिकटलेले होते. एका यंत्राला मुळावर आणण्यासाठी दुसरं कुठलंतरी मोडलं गेलं असणार, याचा विचार मी फार करत नाही. करायला हवा, पण नाही करत.

आउटपुटचा ट्रान्सफॉर्मर दोन्ही पाहुण्यांनी सोडून दिला होता, हे नशीब. डी आवृत्तीत त्याला तिसरं वाइंडिंग, म्हणजे तारेचं आणखी एक वेटोळं, असतं. बाहेर जाणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग त्यातून उलटा ॲम्प्लिफायरकडे येतो आणि त्याला ताळ्यावर ठेवतो. बाजारात मिळणारा कुठलाही ‘चांगला’ ट्रान्सफॉर्मर तिथे बसवला आणि ही तिसरी वाट तुटली, की मग पुढचं निस्तरताना रात्री जातात.

मोठे कपॅसिटर काढून नकाशातले घातले. एलएनचा रेझिस्टर परत दोन्ही पायांवर उभा केला. उचकटलेल्या ट्रॅकच्या जागी पातळ तांब्याची तार बोर्डाला चिकटवून टाकली, मूळ ट्रॅकच्या वळणावरूनच. तशी गरज नव्हती, सरळ रेषेत टाकली असती तरी वीज गेलीच असती. पण पुढे उघडणाऱ्याला नकाशाशी ताडून बघता यावं.

मग एफईटीची जोडी, आणि शेवटी क्यू बायस, म्हणजे एफईटी एरवी किती उघडा राहील ते ठरवणं. यंत्र दुरुस्तीतला माझा सगळ्यात आवडता भाग हा. यंत्र तासभर चालू ठेवून गरम होऊ द्यायचं, कारण एफईटी थंड असताना वेगळा वागतो. १ किलोहर्ट्झचा एकसुरी टोन सोडायचा. अटॅकचं बटण उलट्या दिशेला शेवटपर्यंत फिरवून टक्कन बंद करायचं, म्हणजे दाबणं थांबतं. बायसचा ट्रिमर एका टोकाला नेला की एफईटी पूर्ण मिटतो. आता आउटपुटचं बटण फिरवून सुई +१वर आणायची, आणि ट्रिमर उलटा फिरवायला लागायचं, अगदी केसाकेसाने. बराच वेळ काहीच होत नाही. सुई ढिम्म. आणि मग एका जागी ती हलते, इतकी कमी, की आपल्याला भास झाला असं वाटतं. तिथून पुढे श्वास घेताना हात हलणार नाही याची काळजी घ्यायची. सुई +१वरून ०वर आली, बरोबर एक डेसिबल उतरली, की थांबायचं. एफईटी आता नुकता किलकिला झालेला आहे, मिटलेला नाही आणि उघडलेलाही नाही. त्या एका काठावर यंत्राचा सगळा स्वभाव उभा आहे. ट्रिमर थोडा अलीकडे राहिला तर यंत्र सुस्त, थोडा पलीकडे गेला तर आवाज नसतानाही दाबत बसतं. नवा एफईटी घातल्यावर दुसऱ्या पाहुण्याने हे केलेलंच नव्हतं. त्याला मिळालेला ‘निळ्या पट्ट्याचा आवाज’ म्हणजे बराचसा चुकलेला बायस होता, असं माझं मत झालंय.

सगळं मुळावर नेलं का? नाही. मागच्या बाजूला कारखान्याने स्क्रूच्या पट्ट्या दिल्या होत्या, वायर सोलून स्क्रूखाली दाबायची पद्धत. त्याशेजारी पहिल्या पाहुण्याने एक्सएलआर, म्हणजे मायक्रोफोनच्या वायरीला असतात तसे तीन पिनांचे, सॉकेट बसवले होते ते तसेच ठेवले. फक्त त्यांची दोन आणि तीन नंबरची पिन अदलाबदल केली. जुन्या अमेरिकन यंत्रांत पुष्कळदा तीन नंबरची पिन धन असायची. १९९२च्या एईएसच्या (ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या) मानकाने ती दोन नंबरची ठरवली. ड्रमच्या दोन मायक्रोफोनांवर एक सुलट आणि एक उलट यंत्र लावलं तर बेस एकमेकांना खाऊन टाकतो आणि माणूस मायक्रोफोन बदलत बसतो. त्या काळच्या कित्येक यंत्रांना दोन पिनांची, अर्थिंग नसलेली वायर असायची. तशी वायर कुणी ‘मूळ आहे’ म्हणून परत मागितली तर मी देत नाही. मुळाचं प्रेम शॉक बसेपर्यंत नेऊ नये.

राहिलं ते पुढचं भोक. तपासल्यावर कळलं की त्या स्विचने आवाजाच्या वाटेला हात लागत नाही. यंत्राने आवाजाचा अंदाज ज्या भागातून घ्यायचा, तिथे तो एक लहान कपॅसिटर मध्ये आणतो, म्हणजे बेस ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला अख्खं गाणं खाली बसत नाही. दुसऱ्या पाहुण्याच्या कामातली ही एकच गोष्ट विचार करून केलेली होती. आणि स्विच काढला तरी काळ्या ॲनोडाइझ केलेल्या पत्र्यातलं भोक काही बुजणार नव्हतं. त्यात रबरी बूच घालून यंत्र अस्सल दिसत नाही, दात पडलेलं दिसतं. मी मालकाला फोन केला. स्विच एका बाजूला असताना सर्किट तंतोतंत नकाशाबरहुकूम राहतं, दुसऱ्या बाजूला असताना बेसकडे काणाडोळा करतं. काढू की ठेवू?

“ठेव,” तो म्हणाला. मग थोडा घुटमळून, “आणि तो ऑप-ॲम्पचा बोर्ड फेकला नाहीस ना? त्याच्यावर मी फार गाणी केलीत.”

फेकला नव्हता. काढलेला प्रत्येक पार्ट मी पिशवीत घालून परत देतो, कुठून काढला त्याच्या चिठ्ठीसकट. मी त्याला म्हटलं, तुला तोच आवाज जास्त आवडत असेल तर सरळ सांग, बोर्ड परत बसवून देतो आणि तसं लिहून देतो. तो म्हणाला, आधी हा ऐकतो.

झाकणाच्या आतल्या बाजूला लावायचा कागद आता तयार आहे. तारीख, काय काढलं, काय घातलं, कुठली किंमत नकाशातली आणि कुठली नाही, पिनांची अदलाबदल, बायस कुठल्या पद्धतीने लावला. स्विचसाठी पुढच्या पत्र्यावर अक्षरं कोरायला मालकाने नकार दिला, म्हणून तेही कागदावरच: खाली म्हणजे कारखान्यातलं, वर म्हणजे बेस सोडून. मामाला त्याचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, “अक्षर सुधार.”